संशयाचा फायदा कुणाला?

कीटकनाशकाचा कुठलाही डबा घ्या. त्यावर पतंगासारखा तिरका उभा केलेला एक चौकोन दिसेल. त्याच्या खालच्या त्रिकोणाला लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. शेती असलेल्या घरात हे रंग पोरासोरांनाही ठाऊक असतात. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. पण हा रंग ठरतो कशावरून, हे फारसं कुणी विचारत नाही.

तो ठरतो उंदरांवरून. प्रयोगशाळेतल्या उंदरांना ते रसायन पोटातून देतात आणि किती मात्रेला त्यातले निम्मे उंदीर मरतात ते पाहतात. या मात्रेला 'एलडी-५०' म्हणतात. ती वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर त्रिकोण लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५,००० असेल तर निळा आणि त्याहून जास्त असेल तर हिरवा. कातडीला लावूनही अशीच चाचणी होते, तिचे आकडे वेगळे. ही कल्पना जे. डब्ल्यू. ट्रेव्हन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२७ साली मांडली. डिजिटॅलिससारख्या औषधांची ताकद एका बॅचमध्ये किती आणि दुसऱ्या बॅचमध्ये किती, हे मोजायला त्याला काहीतरी खात्रीचं माप हवं होतं. पुढे तेच माप जगभर विषारीपणाचं माप झालं.

या मापात एक मोठी सोय आहे. उंदीर मेला की जगला याबद्दल वाद होत नाही, त्यामुळे दोन रसायनांची तुलना झटकन करता येते. पण रोज थोडं थोडं, दोन महिने श्वासातून आत गेलं तर काय होईल, हे त्यातून कळत नाही. दोन-तीन रसायनं एकाच पंपात कालवली तर काय, पोटातल्या बाळाचं काय, मेला नाही पण हात कायमचे थरथरायला लागले तर काय, यातल्या कशाचंच उत्तर त्या रंगात नसतं. काही प्रश्नांसाठी वेगळ्या चाचण्या आहेत, काहींसाठी नाहीत. म्हणजे चाचणी संपल्यावरही काहीतरी शिल्लक राहतंच. त्या शिल्लक राहिलेल्या भागाला आपण संशय म्हणू.

कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो आणि ते योग्यच आहे. शंभर सुटले तरी चालतील पण एका निरपराधाला शिक्षा होऊ नये, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. मग रसायनाचं काय? ते घातक असल्याचं सिद्ध झालेलं नाही, निर्धोक असल्याचंही सिद्ध झालेलं नाही. अशा वेळी फायदा कुणाला द्यायचा? रसायनाला, की ज्याच्या अंगात ते जाणार आहे त्याला?

विषाची चाचणी आणखी चांगली कशी करावी, हा प्रश्न विज्ञानाचा आहे असं आपण धरून चालतो. तो आहेच. पण चाचणी कितीही सुधारली तरी संशय शून्यावर येत नाही. उरलेला संशय कुणाच्या अंगावर टाकायचा, हे ठरवायला कुठलंही यंत्र नाही. ते माणसांनाच ठरवावं लागतं, आणि बऱ्याचदा ते न बोलता ठरून गेलेलं असतं.

शंभरने भागायचं, पण का?

पिकावर मारायच्या विषाला आपल्याकडे 'औषध' म्हणतात. 'औषध फवारलं' म्हणजे शेतीचं काम झालं आणि 'त्याने औषध घेतलं' म्हणजे घरात आकांत झाला. दोन्हीकडे शब्द तोच, आणि यात भाषेची चूक काही नाही. औषध आणि विष यांत फरक मात्रेचा असतो, हे १६व्या शतकातल्या पॅरासेल्सस या युरोपीय वैद्याने सांगितलं म्हणून विषशास्त्राची पुस्तकं त्याच्या नावाने सुरू होतात. आपल्याकडे 'अति तेथे माती' एवढ्यात हे आटोपतं.

मग प्रश्न येतो की अति म्हणजे किती? खाण्यातल्या एखाद्या रसायनाची रोजची मर्यादा ठरवताना आधी प्राण्यांवर प्रयोग होतात. ज्या मात्रेला प्राण्यांना काहीच त्रास झालेला दिसला नाही, ती मात्रा घेतात आणि तिला १०० ने भागतात. प्राण्यांना दर किलोमागे १०० मिलिग्रॅम चाललं, तर माणसाला १ मिलिग्रॅम. हा रिवाज अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनातल्या लेहमन आणि फिट्झह्यू या दोन शास्त्रज्ञांनी १९५४ साली घालून दिला.

१०० च का? त्यात एक १० प्राणी आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी आहे आणि दुसरा १० माणसामाणसांतल्या फरकासाठी. हा दुसरा १० समजायला आपल्याकडे बिब्बा आहे. एकाच घरात एकाला बिब्बा लावला तर काही होत नाही आणि दुसऱ्याला तो असा उततो की अंगावर फोड येतात. बिब्बा तोच, लावणारा हात तोच. अंग मात्र वेगळं.

१०० हा आकडा निसर्गात सापडलेला नाही. आपल्याला काय माहीत नाही याचा तो अंदाज आहे, आणि त्या अज्ञानाची किंमत त्यात आधीच वजा केलेली आहे. विज्ञानाने स्वतःबद्दल एवढ्या मोकळेपणाने बोललेलं क्वचित पाहायला मिळतं. १९९६ साली अमेरिकेत कीटकनाशकांबाबत कायदा झाला. मुलांबद्दल पुरेशी माहिती नसेल तर आणखी १० ने भागा, असं त्यात आलं. तिथे संशयाचा फायदा लहान मुलांना मिळाला. हे आपोआप घडलं नाही, कुणीतरी मागणी केली आणि कुणीतरी कायद्यात लिहिलं.

पाचशेनेही भागून पाहिलं

१३ मार्च २००६. लंडनचं नॉर्थविक पार्क रुग्णालय. टीजीएन१४१२ नावाचं नवं औषध पहिल्यांदाच माणसांना द्यायचं होतं. पैसे घेऊन चाचणीला तयार झालेले आठ धडधाकट तरुण तिथे होते. दोघांना नुसतंच बिनऔषधाचं इंजेक्शन, सहांना खरं. माकडांना ज्या मात्रेला काही झालं नव्हतं, तिच्या पाचशेव्या हिश्शाएवढा डोस. १०० ने भागायचा रिवाज असताना इथे ५०० ने भागलं होतं.

दीड तासाच्या आत सहाही जण कोसळू लागले. डोकेदुखी, उलट्या, ताप, मग एकेक अवयव बंद पडू लागला. सगळे वाचले, पण कुणी बोटं गमावली, कुणाला कित्येक आठवडे रुग्णालयात काढावे लागले. नंतर कळलं की ते औषध रोगप्रतिकारक पेशींवरच्या ज्या खुंटीला जाऊन चिकटतं, ती खुंटी माणसाच्या काही पेशींवर असते आणि माकडाच्या त्याच पेशींवर नसते. ५०० ने भागलं काय किंवा हजाराने भागलं काय, जी गोष्ट माकडात नव्हतीच ती भागाकारातून दिसणार नव्हती.

याच्या बरोबर उलट गोष्ट थॅलिडोमाइडची. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत हे झोपेचं औषध बाजारात आलं आणि गरोदर बायकांना मळमळीवरही दिलं जाऊ लागलं. उंदरांना भलेमोठे डोस दिले तरी ते मरत नव्हते, आणि हाच त्याच्या सुरक्षिततेचा पुरावा मानला गेला. आपल्या डब्यावरच्या हिशेबाने त्याचा त्रिकोण हिरवा झाला असता. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतलं जाईपर्यंत जगभरात सुमारे १०,००० मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली होती. उंदरांना विचारलेला प्रश्न होता, मरतोस का? गर्भाचं काय, हा प्रश्न विचारलेलाच नव्हता.

अमेरिकेत हे संकट बरंचसं टळलं ते फ्रान्सेस केल्सी या अधिकारी बाईंमुळे. परवानगीचा अर्ज त्यांच्या टेबलावर आला तेव्हा त्या नोकरीत नव्या होत्या. कंपनी घाई करत होती. औषध घातक आहे हे काही केल्सींना माहीत नव्हतं. दिलेली माहिती पुरेशी नाही, एवढंच त्या पुन्हा पुन्हा लिहून कळवत राहिल्या. त्यांच्याकडे होता तो फक्त संशय, आणि त्याचा फायदा त्यांनी कंपनीला दिला नाही.

लंडनच्या घटनेनंतरही नियम बदलले. नवं औषध पहिल्यांदा माणसाला देताना सगळ्यांना पाठोपाठ टोचू नये, आधी एकाला द्यावं, थांबावं, पाहावं, मग पुढच्याला. त्या दिवशी ते काही मिनिटांच्या अंतराने दिलं गेलं होतं. ही सुधारणा करायला नवं यंत्र लागलं नाही. लागला तो फक्त वेळ. थांबायची किंमत कंपनीने मोजायची की पलंगावर झोपलेल्या तरुणाने, एवढाच तिथे प्रश्न होता.

कुणासाठी सुरक्षित?

डायक्लोफेनॅक हे आपल्या घरातलंच दुखण्यावरचं औषध. माणसाला चालतं, गाईगुरांनाही चालतं. म्हणून १९९० च्या दशकात ते जनावरांना सर्रास दिलं जाऊ लागलं. मेलेल्या जनावराच्या अंगात थोडंसं औषध उरायचं आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. कारण हाती लागलं २००४ मध्ये, आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तोपर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातलं एकही उरलं नाही इतकी घटली होती. मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीवर गिधाडं येईनाशी झाली आणि एका समाजाच्या अंत्यविधीचीच पद्धत अडचणीत आली.

या औषधाची चाचणी चुकली नव्हती. गाईसाठी ते सुरक्षित होतं, तसंच निघालं. गिधाडाचा विचार कुणी केला नाही, कारण गिधाड काही गिऱ्हाईक नव्हतं. पुढे मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध सुचवण्याआधी ते गिधाडांवरच तपासलं गेलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांचा विषय निघाला की आपण पटकन दोन तट पाडतो. इथे मात्र गिधाडं वाचवायलाच गिधाडांवर प्रयोग करावा लागला.

तरीही प्राण्यांच्या यातनांचा प्रश्न बाजूला सारता येत नाही. १९४४ पासून सौंदर्यप्रसाधनं आणि इतर रसायनं सशांच्या डोळ्यांत घालून पाहिली जात होती. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन गोष्टी सुचवल्या. जमेल तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग शोधा, न जमल्यास प्राणी कमी वापरा, आणि वापरलेच तर त्यांचे हाल कमी करा. हे रुजायला अर्धं शतक गेलं. एलडी-५० काढायची जुनी पद्धत श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेने आपल्या यादीतून २००२ मध्ये वगळली आणि थोड्या प्राण्यांत भागणाऱ्या पद्धती आणल्या. भारताने २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला बंदी घातली. २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांतही प्राण्यांविना होणाऱ्या चाचण्यांना जागा करून दिली.

दरम्यान विज्ञानही बदललं. २००७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने एक अहवाल दिला. त्याचं म्हणणं साध्या शब्दांत असं होतं की मेले किती हे मोजण्यापेक्षा आत नेमकं काय बिघडतं ते पाहा. आता माणसाच्या पेशी काचेच्या ताटलीत वाढवून यंत्रमानव एकामागून एक हजारो रसायनं तपासतात. पारदर्शक चिपवर यकृताच्या किंवा फुप्फुसाच्या पेशी जगवतात. नव्या रसायनाची रचना कुठल्या जुन्या विषाशी जुळते ते संगणक सांगतो. यात प्राण्यांचे हाल कमी होतात आणि माकडाच्या जागी थेट माणसाची पेशी बोलते. हे सगळं मनापासून हवंसं आहे.

पण या पेशीलाही मर्यादा आहेत. ती थकत नाही. तिला घाम येत नाही. ती उपाशीपोटी कामावर जात नाही. ताटलीत काही बिघडलं नाही याचा अर्थ शेतात काही बिघडणार नाही, असा लावला की आपण उंदराच्या वेळची चूक नव्या भांड्यात करतो.

कागदावरचा माणूस

धोका मोजायचं सूत्र सोपं आहे. रसायन किती विषारी, आणि ते अंगाशी किती येतं, या दोन्हींचा गुणाकार. वाघ धोकादायक आहे, पण पिंजऱ्यातला वाघ पाहायला आपण पोरांना घेऊन जातो. पहिला भाग प्रयोगशाळा मोजते. दुसरा भाग मात्र बऱ्याचदा गृहीत धरलेला असतो. फवारणारा माणूस हातमोजे, मुखवटा, चष्मा, बूट घालेल, वाऱ्याच्या उलट दिशेला फवारणार नाही, मात्रा मापून घालेल, असं कागदावर ठरतं. आणि मग त्या कागदावरच्या माणसासाठी रसायन सुरक्षित ठरतं.

२०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या साली कपाशी पुरुषभर वाढली होती आणि फवारा डोक्याच्या उंचीवर मारावा लागत होता. उकाडा होता. विदर्भाच्या त्या उकाड्यात रबरी कोट आणि मुखवटा घालून दिवसभर पाठीवर पंप वागवायचा, हे कागदावरच्या माणसाला जमतं. खऱ्या माणसाच्या अंगावर भिजलेला सदरा असतो आणि तोंडाला फार तर रुमाल.

अशा वेळी एक वाक्य हटकून ऐकू येतं: त्यांनी काळजी घेतली नाही. हे वाक्य संशयाचा फायदा रसायनाला देतं आणि माणसाला आरोपी करतं. पण वापराच्या ज्या अटी हजारो मजुरांना पाळताच येत नाहीत, त्या अटींवर दिलेलं सुरक्षिततेचं प्रमाणपत्र कितपत खरं? माझ्या मते ते प्रमाणपत्र अपुरं आहे. चाचणीत खरा माणूस, खरा उकाडा आणि खरा सदरा नसेल, तर गुणाकारातला दुसरा आकडा आपण मनाने टाकलेला आहे.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. असा संशय धरत बसलं तर काहीच बाजारात येणार नाही. त्याच २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्राची कपाशी पोखरली. फवारू नका म्हणणाऱ्याने त्या शेतकऱ्याचं कर्ज फेडलं असतं का? औषधांबाबतही तेच. ऑक्टोबर १९८८ मध्ये एड्सच्या रुग्णांनी आणि कार्यकर्त्यांनी अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाच्या दारात निदर्शनं केली. त्यांचं म्हणणं होतं की तुमच्या चाचण्या पुऱ्या होईपर्यंत आम्ही मरून जाऊ. केल्सींचं थांबणं जसं बरोबर होतं, तसं या लोकांचं न थांबणंही बरोबर होतं.

मग दोन्ही बरोबर कसं? मला वाटतं उत्तर इथेच आहे. एड्सचे रुग्ण जो धोका पत्करायला निघाले होते तो त्यांच्या स्वतःच्या अंगावरचा होता. त्यांना तो माहीत होता, आणि न पत्करल्यास काय होईल हेही. थॅलिडोमाइडच्या वेळी पोटातल्या बाळाला कुणी विचारलं नव्हतं. गिधाडाला विचारलं नव्हतं. रोजाने फवारायला गेलेल्या मजुराला डब्यावरच्या बारीक अक्षरांनी विचारलं, असं म्हणायचं असेल तर म्हणा. पीक वाचलं तर फायदा दुसऱ्याचा, कंपनीचा नफा तर फार दूरचा, आणि चूक निघाली तर अंग त्याचं.

म्हणून नियम असा असावा: संशय ज्याच्या अंगावर येणार, त्याचा फायदाही त्यालाच. जाणून आणि मोकळेपणाने 'मी धोका घेतो' म्हणणाऱ्याला अडवायचं कारण नाही. पण ज्याला विचारलंच नाही, किंवा ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्यासाठी थांबायचं काम रसायनाचं आहे. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे. त्याची भरपाई विम्यातून, पर्यायी उपायांतून, सरकारी खर्चातून करता येईल. मजुराच्या मूत्रपिंडाची भरपाई कशातूनच होत नाही.

आणखी एक गोष्ट. बाजारात आल्यावरही चाचणी संपत नाही. लाखो लोक वापरू लागतात तेव्हा सगळ्यात मोठी चाचणी सुरू होते. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात विषबाधेच्या घटना कळवणं राज्य सरकार बंधनकारक करू शकेल, अशी तरतूद आहे. पण नोंद व्हायची कशी? रुग्ण ग्रामीण रुग्णालयात येतो तेव्हा पंपात काय काय कालवलं होतं हे त्याला सांगता येत नाही, डबा बांधावर पडलेला असतो, आणि डॉक्टर लक्षणांवरून अंदाजाने उपचार सुरू करतात. तो बरा होऊन घरी गेला की केसपेपरवर 'विषबाधा' एवढा एकच शब्द उरतो. कुठलं रसायन, किती दिवस, किती उकाड्यात, अंगावर काय होतं, हे चार रकाने भरले गेले असते तर पुढच्या परवान्याच्या वेळी त्या टेबलावरच्या अधिकाऱ्याच्या हातात काहीतरी असतं.

चिप आणि संगणक येतील, यायलाच हवेत. त्यांच्याइतकीच गरज या चार रकान्यांची आहे. त्या मजुरावर चाचणी तर झालेलीच असते. निकाल लिहून घ्यायला तिथे कुणी नसतं.